कानस

दुकान फालका बाजारात, वर, अंधारा जिना चढून.
मुनव्वर मिस्त्री चादरीची गाठ सोडतात,
चष्मा कपाळावरून नाकावर.

पॉइंट टू टू. एकनळी.
अण्णांनी पंच्याहत्तर साली घेतली, चारशे दहा रुपयांना,
वीज मंडळाच्या बोनसातून,
आईने मागितलेल्या शिलाई मशीनच्या आधी.
ग्वाल्हेरात बंदूक नसलेल्या माणसाला
वरातीत मागे चालावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.
बंदूक आली तरी ते मागेच चालत.

तिने एक कावळासुद्धा मारला नाही.
कपाट ते ठाणं, ठाणं ते कपाट, एवढाच प्रवास.
निवडणूक आली की जमा, निकाल लागला की परत,
सायकलच्या दांडीला बांधून, वर छत्रीचं जुनं कापड.
पावत्या आहेत. चौदा. एकाच टाचणीत.

आता अण्णा नाहीत आणि लायसन्सचा कागद
मला विचारतो: ठेवता, विकता, की सरकारजमा?
सराफ्याजवळचा व्यापारी म्हणाला, तीन हजार,
तेही चालत असेल तर.
चालवायला किती लागतील, ते विचारायला आले.

मिस्त्री नळी खिडकीकडे धरतात, मग मला बघायला देतात.
मला वाटलं होतं, आत घुशीच्या बिळासारखा गंज असेल.
आत लखलखीत पेच, गोल गोल फिरत गेलेले,
आणि टोकाला मसुराएवढं आभाळ.
"नाल तो नई है, बहनजी. ये चली ही कहाँ."

मग बोल्ट काढला. पिन तळहातावर घेतली.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"ये घिसी नहीं है," म्हणाले. "घिसी गई है."
झिजलेलं टोक गोल होतं म्हणे.
हे तिरकं, सपाट,
त्यावर कानशीचे चरे, मोजता येतील असे.

आमच्या घरात कानस एकच होती,
विळीला धार लावायची.
आणि तसा उन्हाळाही एकच.
दिगूचा दुसऱ्यांदा गेलेला निकाल,
जेवणाचं झाकून ठेवलेलं ताट,
रात्री गच्चीवर त्याच्या चपला, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत.
खाली, दिवा न लावता, अण्णा. करकर, करकर.
काय करताय, मी विचारलं.
विळी बोथट झालीय, म्हणाले.
सकाळी आई कुरकुरली, या विळीने भेंडीसुद्धा चिरत नाही.

विकली असती तर दिगूला कळलं असतं, का विकली.
कुलूप घातलं असतं तर कुलूप दिसलं असतं.
ती कपाटात होती तशीच उभी राहिली,
आणि अण्णा दर रविवारी तिला तेल लावत राहिले,
त्याच्या देखत, शीळ घालत,
तो भोपाळला नोकरीला लागला त्यानंतरही.

"नई पिन साढ़े तीन सौ. आज ही लगा दूँ?"

साडेतीनशे.
महाग असती तर बरं झालं असतं.
परवडत नाही म्हणून उठले असते.

पर्समध्ये फोन थरथरतो. दिगूच.
बी. पी.ची गोळी घेतलीस का, मग नातवाचा पडलेला दात,
मग, "काय म्हणतो गं मिस्त्री? होते का दुरुस्त?"
"बघतायत," मी म्हणते.
"नाही झाली तर राहू दे. अण्णांची आहे म्हणून आपलं."
मागे कुकरची शिट्टी होते. तो फोन ठेवतो.

मिस्त्री थांबलेत. पिन अजून त्यांच्या तळहातावर,
तांदळाच्या कणीपेक्षा थोडी मोठी.

मी विचारते, तुम्ही विळीला धार लावून देता का?
विळी हा शब्द त्यांना कळत नाही.
मी खुर्चीतच बसल्या बसल्या दाखवते:
असा पाय दुमडून, पाटावर दाबून धरायचं,
आणि पातं समोर उभं,
आपल्याच दिशेला.